मागच्या फळीवरचं नाव

उस्ता बय्यूमीनं तिसरी कुर्ली फोडायला घेतली तरी मचव्याचं नाव काही ठरलं नव्हतं.

मंगळवार म्हणजे एरवी वहीबाच्या खाणावळीत निवांत पाय पसरून बसायचा वार. पण दोन दिवस वाऱ्यानं अडकून पडलेल्या होड्या आज बाहेर पडल्या होत्या, ताजा माल आल्याची बातमी दुपारीच अलेक्झांड्रियाच्या साऱ्या अन्फूशी वस्तीत झाली होती, आणि रात्रीची इशाची नमाज आटोपून जो तो बायकापोरांना घेऊन थेट इथंच आला होता. टेबलं दारातून फुटपाथवर गेली होती, आणि फुटपाथवरून आता ट्रामच्या रुळांकडे सरकायला लागली होती. आत भट्टीची धग, तळणाचा धूर, माशांना चोळलेल्या कोंड्याचा जळका वास, आणि या सगळ्यावर वहीबाचा आवाज. बर्फावरचा मासा आपण निवडायचा, कसा करायचा ते सांगायचं, चिठ्ठीवर नाव द्यायचं आणि जागेवर बसायचं. ताट तयार झालं की वहीबा भट्टीच्या खिडकीतून त्या नावाचा पुकारा करायची. ताट पोचवायला माणूस ठेवणं तिला कधी पटलं नाही. ज्याला भूक आहे त्याला पाय आहेत, असं तिचं म्हणणं.

"अश्मावीऽऽ! कोळंबी!"

"उद्या दुपारी मचवा पाण्यात," बय्यूमी कुर्लीचा डेंगा दाताखाली धरून म्हणाला. "पहाटे मी रंगाचे डबे घेऊन येणार. बांधायला चौदा महिने लागले ते समजू शकतो, लाकूड आहे. नाव ठरवायला काय सुतार लागतो?"

बय्यूमीचा रिवाज साऱ्या धक्क्याला माहीत होता. पाण्यात उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी मालकानं त्याला जेवू घालायचं, जेवता जेवता नाव सांगायचं. ते ऐकून तो घरी जाणार, रात्रभर अक्षरं डोक्यात घोळवणार आणि उजाडताना एका हातानं न थांबता रंगवून टाकणार. एकदा लिहिलं की खोडत नसे.

तफीदा टेबलाच्या टोकाला बसून मोजत होती. ती नेहमीच मोजायची. बोयीची गाबोळी कुणी आधी उचलली, कुणी कुणाच्या ताटात वाढली, कोण कुणाचं बोलणं तोडून बोललं. या घराचे तंटे तिला आधी ताटात दिसायचे, मग तोंडावर यायचे. आत्ताचा मेळ असा होता: गाबिर, थोरला, मचव्याचा रय्यिस म्हणजे तांडेल, त्याला बापाचं नाव हवं होतं, हाजी सनद. सय्यिद, धाकटा, सहा वर्षं ग्रीसच्या होड्यांवर राबून आला होता आणि यंत्र त्यानं आणलं होतं. त्याला आपल्या सहा वर्षांच्या मुलीचं नाव हवं होतं, तालिया. मधली इन्शिराह आईजवळच राहायची, जाळी विणायची. ती अजून कुणाकडेच नव्हती. गाबिरची बायको सफा नवऱ्याकडे होती, पण सफाला मोजताना तफीदा बोट मिटत नसे, नुसतं वाकवून ठेवी.

आणि तफीदाला हवं होतं तिचं स्वतःचं नाव.

हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. लग्नाआधी ती अब्द रब्बोची थोरली होती, लग्नानंतर सनदच्या घरातली, आणि गाबिर झाला त्या दिवसापासून आज सत्तावन्न वर्षं उम्म गाबिर, गाबिरची आई. सनदनंसुद्धा चार भिंतींच्या आत तिला कधी तफीदा म्हटलं नाही. म्हणायची ती एक बहीण, शफीका. ती तीन हिवाळ्यांपूर्वी गेली, तेव्हापासून ते नाव ओळखपत्रावर पडून होतं. मग बांधणीच्या पहिल्याच दिवसांत मांडवात सुतारांनी मचव्याची मागची फळी रंधून बसवली. तफीदानं तिच्यावरून हात फिरवला आणि त्या कोऱ्या लाकडावर तिला स्वतःचं नाव इतकं स्पष्ट दिसलं, की तिनं घाईघाईनं हात मागे घेतला, कुणी पाहिलं तर काय म्हणेल! मागायचं मात्र नाही, हे तेव्हाच ठरलं. तिघांतल्या एकाला तरी आपणहून सुचू दे. तिनं चौदा महिने दिले होते. आता एक जेवण उरलं होतं, त्यातलंही निम्मं बय्यूमीनं संपवलं होतं.

"अब्बांचं नाव," गाबिर म्हणाला. "यात बोलण्यासारखं आहेच काय? जुन्याचं तेच होतं, नव्याचं तेच."

"जुन्याचं तेच होतं म्हणूनच नको," सय्यिद म्हणाला. "दादा, आठव की. अब्बा हजला गेलेही नव्हते तेव्हा मचव्यावर हाजी सनद रंगवून मोकळे झाले. मग लोक विचारायला लागले, हाजी, मक्का कशी होती? शेवटी तोंड लपवायला जागा उरली नाही म्हणून गेले!"

बय्यूमी इतका हसला की त्याला ठसका लागला. "मीच रंगवलं होतं ते. म्हटलं, सनद, थोडं थांब. म्हणाला, तू लिही, अल्ला बघून घेईल."

"गेले ना पण?" गाबिर म्हणाला. "गेल्याशी मतलब."

"आणि तालिया म्हणजे काय नाव आहे?" सफानं मध्येच भाताचं ताट पुढे सरकवलं. "आमच्या दोघी मुलींनी काय घोडं मारलंय, भावजी?"

"वहिनी, हा पहिला मचवा आहे. दुसरा होईल त्यावर तुमची मोठी, तिसऱ्यावर धाकटी. शब्द देतो."

सफानं कांदा करपवून केलेला तो भुरा भात दिराच्या ताटात दोन डाव वाढला. तफीदानं मनात नोंद केली: सफा सरकली.

गाबिरनंही भाताकडे पाहिलं. "विकली गेलीस?" तो बायकोला म्हणाला. "एका न बांधलेल्या मचव्यावर?"

"तुमच्या घरात मला दुसरं मिळतंय काय? जे मिळतं ते न बांधलेलंच."

"बाबा," तालियानं बापाची बाही ओढली, "मचव्यावर माझं नाव आलं तर मला सुकाणू धरायला मिळेल?"

"बघा! रय्यिस तयार आहे," सय्यिद म्हणाला.

"शराबीऽऽ! माकुळ, तळलेलं! शराबी, झोपलास काय रे?"

बय्यूमीनं बोटं लिंबाच्या पाण्यात बुडवली. "मी सांगू? माझा काही संबंध नाही, पण पोट भरलंय तर सांगतो. ना बाप, ना मुलगी. उम्म गाबिर लिहा. छान दिसतं, धक्क्यावर मान आहे, आई समोर बसली आहे, आशीर्वाद घ्या आणि मला झोपायला सोडा."

गाबिरचा चेहरा उजळला. "आई! हे बघ, हे मला का सुचलं नाही?"

तफीदाच्या छातीत काहीतरी वर आलं आणि अर्ध्यावर थांबलं. ताट बरोबर दारात आलं होतं, पण शेजारच्या घराच्या.

"वाऽऽ," सय्यिद म्हणाला. "म्हणजे आईच्या नावाखाली पुन्हा तुझंच नाव. मी काय समुद्रात जाळ्याला लागलो होतो?"

"थोरल्याच्या नावानंच म्हणतात, जगाची रीत आहे. मी काय करू?"

"उम्म गाबिर व सय्यिद लिहा," सफा म्हणाली. नवऱ्याचं नाव आल्याबरोबर ती परत सरकली होती.

"एवढी फळी लांब नाही," बय्यूमी म्हणाला.

"आणि मी?" इन्शिराहनं हातातली भाकरी खाली ठेवली. आतापर्यंत ती गप्प बसून माशाचे काटे काढून तालियाला भरवत होती. "तुम्ही दोघं भांडताय आई कुणाची म्हणून. उम्म इन्शिराह कुणी कधी म्हटलंय तिला? पण जाळ्याला गाठी कोण मारतंय? आणि मी म्हणते, हा सगळा खटाटोप कशाला? आईला स्वतःचं नाव आहे की!"

तफीदा ताटातल्या लिंबाच्या फोडीकडे बघत राहिली. वर बघायचा धीर तिला झाला नाही. झालं, सुचलं! तिघांतल्या एकीला सुचलं!

"हळू बोल," गाबिर दातओठ खात म्हणाला. "खाणावळ भरलीये."

"का हळू? शिवी दिली का मी?"

"आजीचं नाव काय?" तालियानं विचारलं.

"आजी," सय्यिद म्हणाला.

"ते नाही. खरं."

सय्यिदनं भावाकडे पाहिलं. इतका वेळ एकमेकांना ओरबाडणारे दोघे भाऊ या एका गोष्टीवर मांडीला मांडी लावून बसले. तफीदानं मोजलं. दोन विरुद्ध एक, आणि सफा कुठं पडेल ते सांगायला नको.

"इन्शिराह, तू धक्क्यावर येत नाहीस," गाबिर म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो समजावत होता. "मचव्याला हाक कशी मारतात ठाऊक आहे? नावानं. ए हाजी सनद, बाजूला हो. ए तालिया, तुझा दोर आमच्या पंख्यात आलाय. आणि माणसं तापली की त्या नावाला पुढं काय काय जोडतात ते मी इथं, पोरीसमोर सांगू? वायरलेसवर? सगळं बंदर ऐकत असताना? माझ्या आईचं नाव घेऊन?"

"दादाचं बरोबर आहे," सय्यिद म्हणाला.

"शाळेत तिसरीत होतो. पोरांना कुठून तरी आईचं नाव कळलं. मधल्या सुट्टीत त्याचं गाणं केलं मेल्यांनी." गाबिरनं वरचा ओठ उचलून मोकळी जागा दाखवली. "हा दात त्यात गेला."

"तो तू धक्क्यावर घसरून पडलास तेव्हा गेला," तफीदा म्हणाली.

"पडलो नव्हतो, आई."

तफीदानं त्याच्याकडे पाहिलं. एकोणपन्नास वर्षं तो दात तिनं धांदरटपणाच्या खाती मांडून ठेवला होता, वर त्या दिवशी चपलेनं मारलंही होतं. आता तो तिथून काढून दुसऱ्या बाजूला ठेवायला हवा होता. या पोरानं तिचं नाव दातओठ मिटून जपलं होतं. त्याच्यापरीनं तो मानच होता. पण कुलूप लावून ठेवलेला मान तिला नको होता. आपण आता शहात्तरच्या आहोत, आणि शफीका गेल्यापासून कुणी आपल्या नावानं हाक मारली म्हणून आपण वळून पाहिलेलं नाही, एवढंच तिला कळत होतं.

ती उठली.

"कुठं निघालीस?"

"मासा संपला. वहीबाकडे काही उरलंय का बघते."

"बस, मी जातो."

"तू नाव ठरव," तफीदा म्हणाली.

बर्फाच्या ओट्याशी गर्दी होती. वहीबानं तिला पाहिलं आणि दोघा तरण्या गड्यांना कोपरानं बाजूला सारलं. "उम्म गाबिर, ये. तुझ्यासाठी एक बोय मागं टाकलीये. डोळा बघ, अजून माझ्याकडे रागानं बघतीये. पाठीतून फाडून, कांदा-टोमॅटो घालून भट्टीत? सिंगारी?"

"सिंगारी."

वहीबानं मासा भट्टीवाल्याकडे फेकला आणि कानामागची पेन्सिल काढली. "गाबिरचं टेबल."

"नको," तफीदा म्हणाली. "तफीदा लिही."

पेन्सिल थांबली. "तफीदा कोण?"

"मी."

वहीबा तिच्याकडे बघत राहिली. "चाळीस वर्षं मासा घेतेस माझ्याकडून. आणि मला आज कळतंय?"

"मलासुद्धा आजच आठवलं."

वहीबानं पाटीकडे, दारावरच्या स्वतःच्या नावाकडे अंगठा केला. "हे टांगलं तेव्हा आमचा माणूस तीन महिने बोलला नाही माझ्याशी. फार सुखाचे गेले." तिनं चिठ्ठीवर लिहिलं, ताटाच्या कडेला टोचलं. मग पुढे वाकून म्हणाली, "पण मी हळू पुकारत नाही हं. मला येतच नाही."

"म्हणून तर तुझ्याकडे आले," तफीदा म्हणाली.

ती परत येऊन बसली तेव्हा भावांचं जवळजवळ जमलं होतं. भांडण मिटवायला समान भीतीसारखं काही नाही. सय्यिदनं तालियाचा हट्ट सोडला होता, त्याबदल्यात यंत्रावरच्या झाकणावर पोरीचं नाव येणार होतं. सफाला हा करार पटला होता. इन्शिराह तोंड फिरवून ट्रामकडे बघत होती.

"आई, ठरलं," गाबिर म्हणाला. "अब्बांचंच. तुझीही हरकत नसणार."

"माझी कशाला?" तफीदा म्हणाली आणि ओढणीखाली दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरले.

"उस्ता, लिहून घे. हाजी सनद—"

"तफीदाऽऽऽ! बोय, सिंगारी!"

गाबिरचं तोंड उघडंच राहिलं.

कुणीच उठलं नाही. खाणावळीत भांडी, हसणं, पोरांचं रडणं चालूच होतं.

"तफीदाऽऽऽ! ताट गार होतंय!"

सय्यिदनं आधी खिडकीकडे, मग आईकडे पाहिलं, आणि त्याची मान खाली गेली. गाबिरच्या कानाच्या पाळ्या भाजलेल्या कोळंबीसारख्या झाल्या. असेल दुसरी कुणी. अलेक्झांड्रियात काय एकच तफीदा आहे? हे तो मनात म्हणतोय ते तफीदाला त्याच्या भुवयांवरून वाचता येत होतं. तिनं मान हलवली नाही, नजरही काढली नाही. सरळ त्याच्याकडे बघत राहिली, तो आठ वर्षांचा असताना बघायची तशी.

इन्शिराह उठायला लागली. तफीदानं टेबलाखालून तिचं मनगट धरलं. "बस."

"आई, ताट—"

"बस म्हटलं ना."

"अहो तफीदाबाईऽऽ!" दाराजवळच्या टेबलावरून कुणी गलेलठ्ठ गडी ओरडला. त्याच्या सोबतचे चारपाच जण आधीच हसत होते. "कुठं दडून बसलीस, राणी? मासा वाट बघतोय! नसशील येत तर आम्हाला दे, आम्ही सगळे तफीदाच!"

खुर्ची मागे पडल्याचा आवाज झाला. गाबिर उभा होता.

आसपासच्या दोन टेबलांनी माना वळवल्या, मग पाच टेबलांनी. रय्यिस गाबिरला ओळखत नाही असा माणूस तिथं नव्हता, आणि त्याच्या मुठी तर लांबूनही ओळखू यायच्या. सफा म्हणाली, "अहो." बय्यूमीनं आपलं ताट जवळ ओढलं. तफीदाला वाटलं, झालं, आपल्या हौसेपायी आता इथं डोकी फुटणार. ती अर्धवट उठली.

गाबिर त्या गड्याजवळून गेला. थांबला नाही. भट्टीच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले.

"दे."

"कुणाचं?" वहीबानं निरागसपणे विचारलं.

"तुला माहीत आहे कुणाचं."

"मला काय माहीत? माझ्याकडे चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर नाव आहे. नाव सांग, ताट घे. सगळ्यांना एकच नियम."

गाबिर काहीतरी पुटपुटला.

"भट्टी चालूये रय्यिस, ऐकू येत नाही."

त्याची पाठ तफीदाला दिसत होती. ती रुंद पाठ एकदा वर आली, जशी वादळात दुसऱ्या होडीला हाक घालताना यायची. आणि मग तो आवाज आला, यंत्रावरून, लाटांवरून पलीकडे पोचवायचा तो.

"तफीदा! माझी आई! तफीदा अब्द रब्बो!"

वहीबानं चिठ्ठी उपटली आणि ताट त्याच्या हातांवर ठेवलं.

गाबिर ताट घेऊन वळला. परत येताना मात्र त्या गड्यासमोर थांबला. तो केव्हाच उभा राहिला होता, आणि उभा राहिल्यावर बराच लहान दिसत होता.

"रय्यिस," तो म्हणाला, "चुकलो. तुमची आई आहे हे..." त्यानं सोबत्यांकडे पाहिलं, आणि एकदम डोळे मिटून म्हणाला, "माझ्या आईचं नाव नईमा. झालं. आता फिटलं."

त्याचे सोबती आ वासून त्याच्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं एकत्र जेवून त्यांनाही ते ठाऊक नव्हतं.

"चांगलं नाव आहे," गाबिर म्हणाला. "बस. जेव."

मग कुठंतरी वहीबा हसायला लागली, आणि तिच्यामागून सगळी खाणावळ.

गाबिरनं ताट आईपुढे ठेवलं. "मुद्दाम केलंस?"

"मी मासा मागवला," तफीदा म्हणाली.

"तफीदा," तालियानं म्हणून पाहिलं. मग पुन्हा, मोठ्यानं, "आजी तफीदा!" कुणीही तिला हळू बोल म्हटलं नाही. सय्यिद डोळे पुसत होता, आणि धुरानं येतंय म्हणत होता. सफानं माशाचा पोटाकडचा पहिला तुकडा सासूच्या ताटात वाढला. तफीदानं पाहिलं. या वेळी बोट पुरतं मिटायला हरकत नव्हती.

"यंत्राच्या झाकणाचा करार राहिला ना पण?" सय्यिदनं विचारलं.

"राहिला," गाबिर म्हणाला आणि बय्यूमीकडे वळला. "उस्ता, मोठं लिही. लांबून वाचता आलं पाहिजे. ज्याला शिवी घालायची असेल त्यानं आधी नीट वाचावं, आणि मग खाली रय्यिस कोण आहे ते बघावं."

"लिहितो की." बय्यूमीनं हात पुसले आणि पहिल्यांदाच आपली खुर्ची टेबलाच्या टोकाकडे फिरवली. "हाज्जा तफीदा, रंग कुठला?"

"निळा," गाबिर म्हणाला.

"निळ्यावर निळा दिसेल का? पिवळा," सय्यिद म्हणाला.

"मी त्यांना विचारलं," बय्यूमी म्हणाला.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तफीदानं तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की याचं उत्तर आपल्याकडे नाही. चौदा महिने ती नावाशी येऊन थांबत होती, पुढचं कधी तिनं पाहिलंच नव्हतं. लाल? लाल तर तिच्या लग्नातल्या पेटीचा होता. हिरवा? की सोनेरी, ऊन पडलं की रास अल-तीनच्या टोकावरूनसुद्धा चमकेल असा?

"थांबा जरा," ती म्हणाली. "विचार करू दे मला."

मासा गार होत होता. कुणी हात लावला नाही. ती विचार करत होती, आणि सगळं टेबल थांबून राहिलं होतं.